तारांचें चाक

(१)

इतिहासाच्या अध्यापकाला लोक नाना प्रकारचे प्रश्न विचारतात. कोणी आपल्या कुळाचें मूळ गांव विचारतो, कोणी एखाद्या सनदेवरील शिक्का खरा कीं खोटा हें विचारतो. परंतु मोटारीला चाकें कोणतीं बसवावीं हा प्रश्न माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनांत मला कोणी विचारला नव्हता. तो गेल्या दिवाळींत माझ्या भाच्यानें विचारला. त्याचें उत्तर शोधतां शोधतां मला जें वाचावें लागलें व जो विचार करावा लागला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

प्रश्नाची हकीकत थोडक्यांत अशी. माझ्या वडिलांजवळ एम. जी. कंपनीची टी. सी. या नांवाची १९४८ सालची दोन माणसांची उघडी मोटार होती. ती त्यांनीं कांहीं नवी घेतली नव्हती; मायदेशीं परत जाणाऱ्या एका साहेबाकडून ती जुनीच विकत घेतली होती. १९८४ सालीं वडील वारले, आणि तेव्हांपासून ती गाडी आमच्या जुन्या घराच्या पडवींत ताडपत्रीखालीं उभी राहिली. चाळीस वर्षांनंतर माझ्या भाच्यानें, जो व्यवसायानें एंजिनियर आहे, ती पुनः चालती करण्याचें मनावर घेतलें. एंजिन उतरलें, साफ झालें, पुनः चढलें. लांकडी सांगाडा एका कुशल सुताराकडून दुरुस्त झाला. परंतु चाकांपाशीं येऊन सारें काम अडलें.

पांचहि चाकें तारांचीं. त्यांतील कित्येक तारा गंजून रिमजवळ सुतळीसारख्या बारीक झाल्या होत्या, आणि तुंब्याच्या आंतील दांतेरी खांचा झिजून करवतीच्या दांतांसारख्या टोंकदार झाल्या होत्या. भाच्याचें म्हणणें, हीं चाकें टाकून नवीं आणावीं. माझ्या थोरल्या बहिणीचें म्हणणें, ज्या चाकांना बाबांचा हात लागला तीं काढलीं तर मग उरलें काय? दोघांचा वाद दोन महिने चालला होता. अखेर भाचा मजकडे येऊन म्हणाला, "मामा, जुनीं चाकें ठेवलीं तर घाटांत जीव जाईल, बदललीं तर आई त्या गाडींत पाय ठेवायची नाहीं. तुम्ही इतिहासाचे माणूस. आतां तुम्हीच सांगा."

ज्या गोष्टीचा इतिहास आपल्याला ठाऊक नाहीं तिच्याविषयीं निर्णय देऊं नये, हें मी विद्यार्थ्यांना नेहमीं सांगत आलों आहें. म्हणून मीं भाच्याकडून महिन्याची मुदत मागून घेतली.

(२)

आपल्याकडील बैलगाडीचें चाक सर्वांनीं पाहिलेलें आहे. मध्यें तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोंकांवर लांकडी पाट्यांचें कडें, आणि त्यावर चढविलेली लोखंडी धाव. धाव चढविण्याचा समारंभ ज्यांनीं लहानपणीं पाहिला असेल त्यांना तो विसरतां येणें शक्य नाहीं. शेणीच्या आगटींत ती धाव लाल होईपर्यंत तापवावयाची, चिमट्यांनीं धरून चाकावर बसवावयाची, आणि लांकूड पेटूं लागण्याच्या आंत तीवर पाणी ओतावयाचें. थंड होतांना लोखंड आकसतें आणि सबंध चाक मुठींत धरल्याप्रमाणें आवळून टाकतें. या चाकांतील प्रत्येक आरा दाबाखालीं असतो. तुंब्यावर पडलेलें ओझें खालचा आरा आपल्या डोक्यावर घेऊन उभा राहतो, जसा वाड्यांतील खांब तुळईचें ओझें घेतो. उपनिषदांनीं रथनाभींत बसविलेल्या आऱ्यांचा दृष्टांत घेतला, त्या काळापासून तों एकोणिसाव्या शतकापर्यंत जगांतील चाकाचें तत्त्व हेंच होतें.

तारेचें चाक या तत्त्वाच्या अगदीं उलट आहे. तार ही दाबाखालीं उभी राहूं शकत नाहीं, ती वांकते. परंतु तिला ताणलें तर तिच्या मानानें ती आश्चर्यकारक ओझें सहन करते. इंग्लंडांतील सर जॉर्ज केली या गृहस्थाला, ज्याला विमानविद्येचा एक आद्य प्रवर्तक मानतात, आपल्या कल्पनेंतील उडत्या यंत्रासाठीं अत्यंत हलकीं चाकें हवीं होतीं. १८०८ सालीं त्यानें असा विचार मांडला कीं चाकाचे आरे दाबाखालीं ठेवण्याऐवजीं ताणाखालीं ठेवावे, म्हणजे जाड लांकडाच्या जागीं बारीक दोरीनें किंवा तारेनें भागेल. कल्पना अचूक होती. मात्र ज्या विमानासाठीं ती सुचली तें उडावयास अजून जवळजवळ शंभर वर्षें अवकाश होता.

येथें एक सूक्ष्म मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. तारांच्या चाकांत तुंबा वरच्या तारांना टांगलेला असतो असें सामान्यतः सांगतात. तें समजावयास सोपें आहे, पण पुरतें खरें नाहीं. अशा चाकांतील सर्वच तारा आधींपासून ताणलेल्या असतात. ओझें पडलें कीं जमिनीलगतच्या थोड्या तारांचा ताण कमी होतो, आणि चाक फिरतें तसा तो पुनः भरून येतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक प्रत्येक तार एकदां सैल आणि एकदां घट्ट होत असते. मैलोगणती हा क्रम चालला म्हणजे लोखंडहि थकतें. तार तुटते ती बहुधा एकाच मोठ्या धक्क्यानें नव्हे, तर असंख्य लहान हेलकाव्यांनीं, आणि तीहि तिच्या मानेजवळ, जेथें ती तुंब्यांत वळून शिरते. तारेचें चाक हें नित्य देखरेख मागणारें चाक आहे, तें यामुळेंच.

(३)

केलीची कल्पना सत्यसृष्टींत आणली ती सायकलीनें. १८६९ च्या सुमारास पॅरिसमध्यें यूजेन मेयेर यानें तारांचीं चाकें असलेली सायकल केली. त्यानंतर लौकरच इंग्लंडांतील कॉव्हेंट्री या गांवीं जेम्स स्टार्ले यानें या कामांत लक्ष घातलें. आरंभींच्या तारा तुंब्यापासून रिमपर्यंत सरळ, सूर्यकिरणांप्रमाणें जात. त्यांत दोष असा कीं पायंडलानें तुंबा फिरविला म्हणजे रिम जागच्या जागीं राहून तुंबाच किंचित् पुढें सरके. १८७४ सालीं स्टार्लेनें तारा तुंब्याच्या परिघाला स्पर्श करून तिरकस जातील, आणि अर्ध्या एका दिशेनें व अर्ध्या दुसऱ्या दिशेनें ओढतील, अशी रचना केली. तुंब्याचें फिरणें आतां तारांच्या ओढीनें थेट रिमपर्यंत पोंचूं लागलें. आज आपल्या दारांतील सायकल उलटी करून पाहिली तर स्टार्लेची ही युक्ति जशीच्या तशी दिसेल. दीडशें वर्षांत तींत सुधारणा करण्यासारखें फारसें कोणाला कांहीं सांपडलें नाहीं.

१८८६ सालीं कार्ल बेंझ यानें ज्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें तिचीं चाकें तारांचींच होतीं. पण पुढें एक चमत्कारिक गोष्ट झाली. मोटारी जड व वेगवान् होऊं लागल्या, तशी सायकलीची तार त्यांना पुरेनाशी झाली. सायकल वळणावर स्वतःच आंत झुकते, म्हणून तिच्या चाकावर आडवा जोर फार थोडा येतो. चारचाकी मोटार झुकत नाहीं, आणि वळणाचा सारा जोर चाकाच्या कुशींत बसतो. नव्या शतकाच्या आरंभीं बहुतेक मोठ्या मोटारी तोफांच्या गाड्यांवरून घेतलेल्या जाड लांकडी आऱ्यांच्या चाकांकडे परत वळल्या. त्यांना इंग्रजींत तोफखान्याचीं चाकें म्हणत. प्रगति म्हणजे पुढें जाणारी सरळ रेषा, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं हें प्रकरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. लांकडानंतर तार आली, तारेनंतर पुनः लांकूड आलें, आणि तारेचा दुसरा अवतार व्हावयास एक निराळेंच कारण घडावें लागलें.

(४)

तें कारण म्हणजे पंक्चर. १८८८ सालीं बेलफास्टमध्यें डनलॉप या पशुवैद्यानें हवेचा टायर प्रचारांत आणला, आणि प्रवासाचें सुख वाढलें त्याबरोबरच एक नवें दुःखहि जन्मास आलें. त्या काळच्या मोटारींचीं चाकें गाडीला कायमचीं जोडलेलीं असत. टायर फाटला म्हणजे चाक जागेवरच ठेवून टायर सुरीनें कापून काढावा लागे व नवा चढवावा लागे. धुळींत, उन्हांत, कधीं भर पावसांत. १९०६ सालीं फ्रान्समध्यें ल मां येथें पहिली ग्रां प्री शर्यत झाली, तेव्हां असा नियम होता कीं गाडीचें कोणतेंहि काम चालक व त्याचा सोबती या दोघांनींच करावें. नेहमींच्या चाकावर टायर बदलावयास सुमारें १५ मिनिटें लागत. मिशेलिन कंपनीनें मात्र टायरसकट सुटून येणारा रिम तयार केला होता. त्याला दोन मिनिटेंहि पुरत. असे रिम लावलेल्या रेनो गाडींतून फेरेंत्स सिस यानें ती शर्यत जिंकली. यंत्राच्या जोराइतकाच या सुटत्या रिमचाहि त्या विजयांत वांटा होता.

इंग्लंडांतील रज-व्हिटवर्थ या सायकलीच्या कारखान्याचा चालक जॉन प्यू यानें यापुढचें पाऊल टाकलें. रिमच काय, सबंध चाकच कां सुटूं नये? त्याच्या रचनेंत तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, तारांच्या तीन ओळी: आंतील दोन ओळींनीं एंजिनची व ब्रेकची ओढ सोसावयाची, आणि बाहेरच्या तिसरीनें वळणावरील आडवा जोर. ज्या दोषापायीं मोटारींनीं तार सोडली होती तो अशा रीतीनें नाहींसा झाला. दुसरी, आंसाच्या टोंकावर व तुंब्याच्या पोटांत एकमेकींत बसणाऱ्या दांतेरी खांचा, म्हणजे चाक सरकवून बसवावयाचें आणि फिरण्याची ओढ खांचांनीं घ्यावयाची. तिसरी, या सर्वांवर एकच मोठा नट.

या नटाची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. एका नटावर सारें चाक राहावयाचें, तर तो सैल झाला म्हणजे? प्यूच्या रचनेंत नट व तुंबा यांचे एकमेकांवर बसणारे पृष्ठभाग निमुळते असतात. चाकावर ओझें पडून तें फिरूं लागलें कीं या दोन पृष्ठभागांमध्यें केंसभर सरकणें सुरू होतें, आणि तें सरकणें नटाला चाकाच्या फिरण्याच्या उलट दिशेनें ढकलूं पाहतें. म्हणून गाडीच्या दोन बाजूंना नटांचे आटे परस्परविरुद्ध ठेवले, डावीकडे उजवे आणि उजवीकडे डावे. परिणामीं गाडी पुढें धांवत असतां नट सैल न होतां उलट आवळला जातो. पण कोणी अजाण मनुष्यानें डाव्या बाजूचा भाग उजवीकडे बसविला तर तीच युक्ति घातक ठरते. जें घट्ट व्हावयाचें तें रस्त्यावर आपोआप सुटूं लागतें. याच भयानें अशा नटांवर बाजूचें नांव व तो कोणत्या दिशेनें सोडवावयाचा त्याचा बाण कोरीत असत. वडिलांच्या गाडीच्या नटांवरील तीं अक्षरें मीं इंग्रजी शिकूं लागलों त्या वयांत बोटानें वाचल्याचें मला आठवतें.

हें चाक सर्वांना रुचलें असें मात्र नाहीं. १९०८ च्या ग्रां प्रीसाठीं इंग्लंडच्या नेपियर कंपनीनें आपल्या गाड्यांना हीं सुटीं चाकें लावावयाचें ठरविलें. फ्रेंच संयोजकांनीं त्यांना मनाई केली, आणि नेपियर गाड्या शर्यतींतून निघून गेल्या. सुटते रिम चालतात व सुटीं चाकें चालत नाहींत, या भेदाचें समर्थन करणें कठिण आहे. परंतु नव्या साधनाला जुन्या नियमांत जागा नसते हा अनुभव यंत्रांच्याच इतिहासांत येतो असें नाहीं. मनाई फार काळ टिकली नाहीं, आणि पुढील चाळीस वर्षें तारांचें चाक व एकच मोठा नट ही शर्यतीच्या गाडीची खूणगांठ होऊन बसली. १९२२ सालीं मिलान येथें कार्लो बोर्रानी यानें याच चाकांचा परवाना घेऊन कारखाना काढला. पुढें फेरारीच्या कित्येक नामांकित गाड्या त्याच्याच चाकांवर धांवल्या.

(५)

आतां वडिलांच्या गाडीकडे येऊं. एम. जी. हीं आद्याक्षरें ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या दुकानाचीं. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यानें मॉरिसच्या साध्या गाड्यांचे सांगाडे घेऊन त्यांवर डौलदार व चपळ गाड्या घडविल्या. १९२९ पासून त्या ॲबिंग्डन येथें होऊं लागल्या. किंबरला १९४१ सालीं कंपनी सोडावी लागली, आणि फेब्रुवारी १९४५ मध्यें लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ झालेल्या रेल्वेच्या अपघातांत तो मरण पावला. त्याच वर्षीं, युद्ध संपतांच, टी. सी. बाहेर पडली, ती त्यानें घालून दिलेल्या वळणाचीच होती, पण ती पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

१९४५ ते १९४९ या काळांत सुमारें १०,००० टी. सी. गाड्या तयार झाल्या. सर्वांचें चालकचक्र उजव्या बाजूस; त्यामुळें डावीकडून चालणाऱ्या आपल्या रस्त्यांवर ती गाडी जशीच्या तशी चाले. चाकें १९ इंचांचीं, उंच व अरुंद, रुपेरी रंगाचीं. इंग्लंडांत राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनीं ही गाडी आपल्या देशीं नेली आणि सारा अमेरिका तिनें जिंकला, अशी एक कथा फार प्रसिद्ध आहे. आंकडे पाहिले तर तिकडे गेलेल्या टी. सी. गाड्या सुमारें २,००० च भरतात, म्हणजे एक पंचमांश. कीर्ति व संख्या यांचें प्रमाण नेहमीं जुळतेंच असें नाहीं.

खरा गंमतीचा भाग यापुढें आहे. १९५० च्या तोंडावर कंपनीनें टी. डी. ही नवी गाडी काढली. तिचीं पुढचीं चाकें एकमेकांवर अवलंबून न राहतां स्वतंत्रपणें वरखालीं होणारीं, गाडी बसावयास अधिक सुखाची, आणि चाकें १५ इंचांचीं, दाबून केलेल्या पोलादी पत्र्याचीं, बोल्टांनीं आंवळलेलीं. तारा नाहींशा झाल्या. जुन्या भक्तांनीं ओरड केली कीं ही एम. जी. च नव्हे. पत्र्याचें चाक वस्तुतः स्वस्त, मजबूत, धुवावयास सोपें. त्याला रोज पाहावें लागत नाहीं. भक्तांची ओरड चालूंच राहिली आणि टी. डी. च्या विक्रीनें जुन्या गाडीच्या जवळजवळ तिप्पट मजल मारली. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक गाड्या अमेरिकेंत गेल्या. जे ओरडत होते ते थोडे होते आणि जे विकत घेत होते ते पुष्कळ होते; इतिहासांत पुष्कळदां पहिल्यांचेंच म्हणणें लिहून राहतें. तरीहि पहिल्यांचा विजय झाला तो निराळ्या रीतीनें: १९५३ साली टी. एफ. ही पुढची गाडी आली, तेव्हां जादा पैसे देणाऱ्यास तारांचीं चाकें पुनः मिळूं लागलीं.

या "जादा पैसे देणाऱ्यास" या शब्दांत साऱ्या स्थित्यंतराचें मर्म आहे. १९०८ सालीं तारेचें चाक ही गरज होती. १९५३ सालीं तो अलंकार झाला. शर्यतीच्या जगानें तोंवर दुसरी वाट धरली होती. फार मागें, १९२४ सालीं, एत्तोर बुगात्ती यानें ल्यों येथील ग्रां प्रींत आठ रुंद आऱ्यांचीं, ओतीव ॲल्युमिनियमचीं चाकें उतरवून तिचा आरंभ केला होता. जॅग्वार कंपनीच्या ज्या डी-टाइप गाडीनें १९५५, १९५६ व १९५७ अशीं लागोपाठ तीन वर्षें ल मांची शर्यत जिंकली, तिचीं चाकें भोंकें पाडलेल्या तबकड्यांचीं होतीं. आणि त्याच कंपनीनें १९६१ सालीं सर्वसामान्य धनिकांसाठीं ई-टाइप काढली तेव्हां तिला तारांचीं चाकें दिलीं! जिंकावयाचें तबकड्यांवर आणि मिरवावयाचें तारांवर, असा हा न्याय झाला. पुढें लोटस वगैरे गाड्यांबरोबर मॅग्नेशियमचीं ओतीव चाकें आलीं, आणि १९६० नंतर थोड्याच वर्षांत शर्यतींतून तार कायमची उठली. नटाचे ते दोन मोठे कानहि पादचाऱ्यांना अपायकारक म्हणून अमेरिकन कायद्यानें १९६८ पासून नव्या गाड्यांवरून उतरविले.

(६)

इतका इतिहास पाहिल्यावर मी भाच्यापुढील पर्यायांकडे वळलों. ते मुख्यतः चार होते.

पहिला पर्याय आधुनिक ओतीव चाकांचा. तीं हलकीं, बळकट, निर्वेध; पण टी. सी. ला तीं लावणें म्हणजे सतराव्या शतकांतील बखर आजच्या वर्तमानपत्राच्या भाषेंत उतरवून तिला मूळ पोथी म्हणणें होय. येथें एक इशाराहि देऊन ठेवतों. ज्यांच्याजवळ १९६० च्या सुमाराच्या शर्यतीच्या गाड्या आहेत त्यांना मूळचीं मॅग्नेशियमचीं चाकें लावण्याचा मोह होतो. मॅग्नेशियम हा धातु हवेनें व ओलाव्यानें आंतून खात जातो, आणि वरून रंग शाबूत असतां एके दिवशीं भंगतो. तीं चाकें पाहावयाचीं आहेत, चालवावयाचीं नव्हेत. म्हणूनच जाणते लोक त्यांच्या ॲल्युमिनियमच्या प्रतिकृतींवर गाडी चालवितात.

दुसरा पर्याय १६ इंचांच्या तारांच्या चाकांचा. असा बदल पूर्वीं अमेरिकेंत पुष्कळांनीं केला, कारण त्या मापाचे रुंद टायर सहज मिळत. परंतु चाक लहान झालें कीं एकाच अंतराला त्याचे फेरे जास्त होतात. एंजिनला अधिक धांवावें लागतें आणि वेगदर्शक कांटा खोटें बोलूं लागतो. शिवाय टी. सी. चें सारें सौंदर्य त्या उंच चाकांच्या डौलांत आहे.

तिसरा पर्याय जुन्याच तुंब्यांवर व रिमवर नव्या तारा ओंवण्याचा. माझ्या बहिणीला तो मान्य होता. भावनेच्या दृष्टीनें तो उत्तम. परंतु आमच्या तुंब्यांच्या आंतील खांचा झिजलेल्या होत्या. अशा खांचांवर प्रत्येक वेळीं गाडी सुरू करतांना व थांबवितांना चाक किंचित् मागेंपुढें आपटतें. दांत आणखी झिजतात, आणि अखेर एके दिवशीं आंस आंतल्या आंत फिरतो व चाक जागेवर राहतें. मग एंजिनची ओढहि नाहीं आणि त्या चाकाचा ब्रेकहि नाहीं. घाटांतील वळणावर याचा अर्थ काय होतो तें सांगावयास नको.

चौथा पर्याय, मूळच्याच मापाचीं व नमुन्याचीं, आज नव्यानें तयार होणारीं तारांचीं चाकें. त्यांतहि निवड आहेच. झळकणाऱ्या क्रोमियमचा मुलामा दिलेलीं चाकें दुकानांत अधिक खपतात, पण टी. सी. चीं चाकें कारखान्यांतून रुपेरी रंग देऊन बाहेर पडत. मुलाम्याच्या रासायनिक क्रियेंत नीट काळजी घेतली नाहीं तर उंच ताणाचें पोलाद ठिसूळ होतें, हा दोष वेगळाच. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं: झिजलेल्या आंसाच्या खांचांवर नवें चाक बसविलें तर जुन्या खांचा नव्या चाकाला थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात. चाक बदलावयाचें तर त्याची जोडीदार बैठकहि बदलली पाहिजे. तारांचीं टोंकें रिममधून आरपार येत असल्यानें आंत ट्यूब हवीच, आणि त्या टोंकांवर पट्टीहि हवी.

युक्तिवादानें चौथा पर्याय सिद्ध झाला. परंतु ताईचा प्रश्न तेवढ्यानें सुटत नव्हता. तिचा प्रश्न यंत्रशास्त्राचा नव्हताच.

(७)

हा प्रश्न फार जुना आहे. प्लूटार्कनें थीसियसच्या गलबताची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सवासी त्याची कुजलेली एकेक फळी काढून नवी बसवीत गेले, आणि तें गलबत तेंच कीं निराळें, यावर तत्त्ववेत्ते भांडत राहिले. कॉलेजांत आम्हांला ही गोष्ट शिकविली जाते. परंतु आपल्या घराच्या अधिक जवळचा दृष्टांत 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत आहे. तेथें नागसेन भिक्षु राजा मिलिंदाला विचारतो कीं तूं रथांतून आलास, तर रथ कोणता तें दाखीव. आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो, आणि अखेर कबूल करतो कीं या सर्वांच्या आश्रयानें रथ हें नांव आपण वापरतों एवढेंच. हें सर्व मीं ताईला सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, "नागसेनाचे वडील त्या रथांतून शाळेंत सोडायला येत नसतील."

यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तें उत्तर पुराव्यानेंच दिलें.

मी भाच्याला सांगितलें कीं निर्णय होण्यापूर्वीं चाकें नीट धुऊन आंतून तपासूं. कागदाचा निकाल कागद पाहिल्याशिवाय देऊं नये. रॉकेल व ब्रश घेऊन आम्ही दोघे एका रविवारीं बसलों. चाळीस वर्षांचें वंगण व चिखल निघाल्यावर दिसलें तें असें: एका चाकांत एकूणएक तारा एकाच घडणीच्या होत्या, दुसऱ्यांत नऊ तारांचीं डोकीं निराळीं, थोडीं मोठीं व ओबडधोबड, हातानें घडल्यासारखीं, तिसऱ्यांत अशा चौदा. चौथ्याच्या रिमला आंतून ठिगळ जोडलेलें होतें, आणि पांचव्याचा रंग खरवडल्यावर खालीं निळा रंग लागला, म्हणजे तें चाक मुळांत दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचें असावें. वडिलांनीं आपल्या हयातींत या चाकांच्या तारा गांवांतल्या लोहाराकडून करवून पुनः पुनः बदलल्या होत्या.

मला एकदम आठवलें. रविवारीं सकाळीं वडील गाडीपाशीं उकिडवे बसून पेचकसाच्या लांकडी मुठीनें एकेक तार वाजवून पाहात. घट्ट तार टणत्कार करी. सैल किंवा चिरलेली तार बद्द वाजे. असा बद्द आवाज आला कीं ते खडूनें त्या तारेवर खूण करीत. मी शेजारीं उभा राहून, पुढची तार कशी वाजेल याचा अंदाज सांगत असें. मूळ चाक जपावें असें त्यांच्या मनांत कधीं आलें असेल असें मला वाटत नाहीं. घरच्या माणसांना घेऊन घाट चढावयाचा आणि सुखरूप उतरावयाचा, एवढेंच त्यांच्या मनांत असे. त्यासाठीं जी तार दगा देईल असें वाटे ती ते काढून टाकीत, मग ती ॲबिंग्डनहून आलेली असो कीं लोहाराच्या भात्यावरची.

मीं हें ताईला दाखविलें. तिनें ती वेड्यावांकड्या डोक्यांची तार बराच वेळ बोटांनीं चाचपून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाबांनींच बदललीं होतीं." "हो," मीं म्हटलें, "आणि आज ते असते तर याहि चाकांवर त्यांनीं तुला बसूं दिलें नसतें."

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत ज्यांनीं जुने मोडी कागद हाताळले असतील त्यांना दुरुस्तीची एक शिस्त ठाऊक असेल. फाटक्या कागदाला ठिगळ लावावें, पण तें ठिगळ म्हणून ओळखूं यावें. गेलेलें अक्षर आपल्या शाईनें भरून काढूं नये. हीच शिस्त आम्ही येथें पाळली. गाडीला १९ इंचांचीं, रुपेरी रंगाचीं नवीं चाकें व नव्या बैठका बसविल्या, आणि प्रत्येक तुंब्याच्या आंतील बाजूस बदलल्याचें साल कोरून ठेवलें, म्हणजे पुढें कोणाला तीं १९४८ चीं वाटूं नयेत. ज्या चाकांत लोहाराच्या चौदा तारा आहेत तें मात्र न घासतां, न रंगवितां, फक्त तेल पुसून आम्ही पडवींतील भिंतीवर टांगलें आहे. त्याच्याखालीं एका कागदावर, आम्हांला जेवढें कळलें तेवढेंच लिहून ठेवलें आहे.

गेल्या महिन्यांत गाडी प्रथम रस्त्यावर निघाली. निघण्यापूर्वीं भाचा उकिडवा बसला आणि पेचकसाच्या मुठीनें एकेक तार वाजवूं लागला. ताई आधींच गाडींत जाऊन बसली होती. ती मान वळवून तो आवाज ऐकत होती. एका तारेपाशीं ती म्हणाली, "ही जरा बद्द वाजते रे, पुनः बघ." भाच्यानें पुनः वाजवून पाहिलें. ती खरोखरच सैल होती.